बारा तोफांचे टिपणीस

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात एका तरुण इंजिनिअरने क्लायंटचं वाक्य पुरं व्हायच्या आत "जमेल" म्हणून टाकलं आणि माझ्या तोंडून निघालं, "बुडणार." तो दचकला. मीही दचकले, कारण शब्द माझा नव्हता आणि आवाजातलं ते समाधानही माझं नव्हतं. दोन्ही टिपणीसांचं. या माणसाची आठवण काढावी असं त्यांनी माझ्यासाठी काही केलेलं नाही, मीही त्यांच्यासाठी काही केलेलं नाही. पण आलीच आहे तर लिहून मोकळी होते.

टिपणीसांनी कशाचं कौतुक केलेलं मी ऐकलं नाही. नवीन हॉटेल उघडलं, कुणाचं लग्न ठरलं, कुणी नोकरी बदलली, की हे हात खिशात घालून मान जराशी डावीकडे कलवायचे आणि म्हणायचे, "बुडणार." जणू बुडवायचं काम यांच्याकडेच सोपवलंय. टोकियोत निशी-कासाई स्टेशनजवळ एका मराठी जोडप्याने पोळीभाजीचं दुकान काढलं, तेव्हा उद्घाटनाचा पेढा तोंडात असताना त्यांनी हेच सांगितलं होतं. दुकान अजून चालू आहे. टिपणीस भारतात परत गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली.

आम्ही टोकियोच्या एदोगावा भागात आलो ते माझ्या नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे. टिपणीस आमच्याच इमारतीत दोन मजले खाली राहायचे. बायको मीनल, मुलगी ऋता. ते एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होते. त्या वर्षांत पुण्याहून इंजिनिअर मुलं विमानं भरभरून येत होती. संगणक सगळ्यांना यायचा, जपानी कुणालाच येत नसे. मी घरी बसून कंटाळले होते म्हणून वॉर्डाच्या मोफत वर्गात निवृत्त बायकांकडून तीन वर्षं जपानी शिकले होते, तेवढ्या भांडवलावर मला टिपणीसांच्या कंपनीत काम मिळालं. सिस्टिमची चाचणी घ्यायची, बैठकीचं इतिवृत्त लिहायचं, मॅन्युअल जपानीत उतरवायचं. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी बारा वर्षांनी मिळालेली नोकरी. ती टिकवायचीच, असं मी ठरवलं होतं.

टिपणीस माझे साहेब झाले, पण मला "वहिनी" म्हणायचं काही सोडेनात. माझ्या नवऱ्याबरोबर ते रविवारी क्रिकेट खेळायचे, त्या नात्याने मी वहिनी. ऑफिसात नको म्हणून मी दोनदा सांगितलं. "बरं वहिनी," असं ते म्हणाले. जपानी लोकांना ते माझं आडनावच वाटलं. नागोयाच्या क्लायंटकडून मला आलेल्या पहिल्या नववर्षाच्या कार्डावर ठळक अक्षरांत नाव होतं, वाहिनी-सान, म्हणजे वाहिनीबाई.

टिपणीसांना छंद एकच, आणि तोही तिरस्काराचा. लोक आवडत्या गोष्टीच्या मागे लागतात, हे नावडत्या गोष्टीच्या मागे लागले. पहिल्या महायुद्धाआधी ऑस्ट्रिया-हंगेरी नावाचं साम्राज्य होतं. आज त्यातल्या ऑस्ट्रियालाही समुद्र उरलेला नाही आणि हंगेरीलाही नाही. पण त्या काळी त्यांनी चार ड्रेडनॉट बांधल्या. ड्रेडनॉट म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात दांडग्या युद्धनौका. टिपणीसांचं म्हणणं असं, की आजवर बांधलेल्या जहाजांत इतकं मूर्ख जहाज दुसरं नाही. आणि ते मूर्ख कसं हे नीट समजावं म्हणून ते गेली सहा वर्षं त्याची हातभर लांबीची प्रतिकृती बनवत होते. लाकूड, प्लॅस्टिक, पितळेची तार, भिंगाचा दिवा. जहाज जेवणाच्या टेबलावर. घरची माणसं खाली चटईवर जेवायची. मीनल म्हणायची, "आमच्याकडे टेबलावर जेवायचा मान जहाजाला."

चारांतल्या पहिल्याचं नाव विरिबुस उनिटिस. मला ते सर्दीच्या औषधाचं वाटलं आणि तसं मी बोलले. टिपणीस माझ्यावर खूष झाले असतील तर त्याच वेळी. "औषध परवडलं. औषधाने निदान अपाय होत नाही," म्हणाले.

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. मला नंतर ते इतक्यांदा ऐकावं लागलं की आज मी झोपेतही सांगेन. शेजारची इटली एकेका फिरत्या घुमटात तीन-तीन तोफा बसवतेय असं कळलं, म्हणून यांनाही तीन-तीन हव्या झाल्या. घुमट चार, तोफा बारा, वर चिलखत. एवढा बोजा पेलायचा तर जहाज मोठं हवं. पण गोद्या लहान आणि खजिना आखडता. मग जहाज लहानच ठेवलं, तोफा मात्र बाराच्या बारा. वजन सगळं वर आणि पाण्याखालची बाजू पातळ. आराखडा जर्मनांना दाखवला, त्यांनी नेमकं त्या पातळ बाजूवर बोट ठेवलं. यांनी मान डोलावली आणि होतं तसंच बांधलं. आराखडा ज्याने काढला तो मुख्य अभियंता कान गेल्यामुळे निवृत्त झालेला होता. तरी काम त्याच्याकडेच.

"त्याला ऐकू येत नव्हतं हे ठीक आहे, वहिनी," टिपणीस चिमट्यात तोफेची नळी धरून म्हणाले. "पण बोलता येत होतं ना? बाराऐवजी आठ बसवा, नाहीतर दुसरा माणूस बघा, एवढं म्हणायला काय लागतं?"

चौथ्या जहाजाची गोष्ट ते विशेष चवीने सांगायचे. साम्राज्यात संसदा दोन. हंगेरीची संसद म्हणाली, आमचं मत हवं तर एक जहाज आमच्याकडे बांधा. म्हणून चौथं जहाज हंगेरीच्या वाट्याच्या बंदरात, एवढं जहाज कधी न बांधलेल्या एका यार्डाला दिलं. चाचणीला नेलं आणि वळवलं, तर ते इतकं कललं की पाणी वरच्या तोफांच्या खिडक्यांतून आत शिरलं. कप्तानाने कागदावर काय लिहावं? तर वेगात असताना सुकाणू फार वळवू नये. तो कागद फायलीला लागला आणि जहाज आरमारात दाखल झालं. युद्धाच्या शेवटच्या वर्षी एका चिमुकल्या इटालियन मोटरबोटीने दोन पाणतीर मारले आणि ते हळूहळू उलटलं.

त्या बुडण्याची खरीखुरी फिल्म आहे. ती टिपणीसांकडे सीडीवर होती. एका दिवाळीला त्यांनी इमारतीतल्या सहा मराठी कुटुंबांना फराळाला बोलावलं. हातात चिवड्याच्या बशा आल्या आणि समोर टीव्हीवर जहाज कुशीवर वळायला लागलं. उलट्या बुडावरून माणसं मुंग्यांसारखी धावत होती. एका आजींनी बशी खाली ठेवली. टिपणीस रिमोट हातात घेऊन फिल्म मध्येच थांबवून दाखवत होते, बघा, वजन सारायचं म्हणून तोफा दुसऱ्या बाजूला वळवल्यात, आता उपयोग काय. मीनल स्वयंपाकघरातून चकल्या घेऊन आली. "दर वर्षी बुडतं," ती पाहुण्यांना म्हणाली, "एकदाही वाचत नाही. घ्या."

ही समतोलाची भानगड त्यांनी जहाजापुरती ठेवली नव्हती. त्यांच्या घरातल्या प्रत्येक कपाटाच्या तळाच्या कप्प्यात तांदळाच्या पिशव्या आणि जुने शब्दकोश भरलेले असत. दुसऱ्यांच्या सायकलींच्या बास्केटा ते न विचारता लावून द्यायचे. एकदा मी कलिंगड आणि दुधाचे डबे पुढच्या टोपलीत टाकून येत होते, तर हे कोंबिनीच्या दारात उभे. कोंबिनी म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचं चोवीस तास चालणारं दुकान. म्हणाले, "वहिनी, वजन वर गेलंय." मी लक्ष दिलं नाही. उतारावर पुढचं चाक वळलं आणि मी आडवी झाले. गुडघा फुटला, कलिंगडही फुटलं. टिपणीस धावत आले ते खरं, पण मला उठवण्याआधी माझा गुरुत्वमध्य नेमका कुठे होता ते त्यांनी हाताने दाखवून दिलं.

आता त्यांच्या कामाबद्दल. हे वाचून कुणालाही वाटेल की असा माणूस ऑफिसात कुणालाही वर वजन चढवू देत नसेल.

आमचा क्लायंट म्हणजे नागोयाजवळची एक डबे पुरवणारी कंपनी. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या आसपासच्या कारखान्यांना ती रोज दुपारचे डबे द्यायची. सकाळी हजेरी झाली की प्रत्येक कारखान्यातून आकडा फॅक्सने येई, साडेनऊपर्यंत. त्यानंतर भात शिजायला लागे. तो फॅक्स काढून तिथे आमची सिस्टिम बसवायची होती. तिथले प्रमुख मोरिता-सान. साठीचे, बारीक, कानामागे पेन्सिल. डब्यांची गाडी चालवता चालवता इतके वर पोचलेले. शब्द कमी, पण हातात आलेला प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे.

पहिल्या बैठकीत त्यांच्या लोकांनी विचारलं, ज्यांना कमी भात हवा त्यांची वेगळी नोंद होईल का? टिपणीस म्हणाले, "देकिमासु." जमेल. टिपणीसांचं सगळं जपानी या एका शब्दाभोवती उभं होतं. दुसऱ्या बैठकीत, अंडं न चालणाऱ्यांची यादी. देकिमासु. मोबाइलवरून ऑर्डर, पदार्थांच्या फोटोंसकट? देकिमासु. रात्रपाळीचे डबे, गाड्यांच्या फेऱ्या, उरलेल्या भाज्यांचा हिशेब? देकिमासु, देकिमासु. समोरचा माणूस श्वास घ्यायला थांबला की यांचा शब्द पडलेला असायचा. ही सिस्टिम ज्याच्यावर चालणार ते मशिन मात्र जुनंच वापरायचं, हे क्लायंटने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ते टिपणीसांनी पहिल्याच दिवशी मान्य केलं होतं.

नागोयाहून परतताना शिनकानसेन या भरधाव गाडीत ते ऑस्ट्रियाच्या त्या बहिऱ्या अभियंत्याला शिव्या घालायचे. मी शेजारी बसून इतिवृत्त लिहायची. मला वाटे, हा माणूस थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता. त्याच्या डोक्यात जहाज एका खोलीत होतं, नागोया दुसऱ्या खोलीत, आणि मधल्या दाराला कुलूप.

गाड्यांच्या फेऱ्या आणि शेवटची बेरीज हा सगळ्यात अवघड भाग. तो टिपणीसांचे पुण्यातले वरिष्ठ दिवाण साहेब यांनी पुण्याच्या अनुभवी टीमकडून काढून कंपनीच्या नव्या नाशिक शाखेला दिला. शाखा त्यांनीच उघडली होती आणि तिला काम दाखवायचं होतं. तोवर तिथे मंगल कार्यालयांच्या वेबसाइट बनायच्या. दिवाण साहेबांची मेल आली तेव्हा मी टिपणीसांच्या टेबलाशीच होते. मला राहवलं नाही.

"टिपणीस, तुमचं चौथं जहाज नाशिकला चाललंय."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "त्या यार्डाने निदान आधी छोट्या बोटी तरी बांधल्या होत्या." आणि मेलला उत्तर लिहिलं. हरकत नाही, जमेल.

त्या दिवसापासून मी त्यांना माणूस म्हणून हिशेबात धरणं सोडलं. न कळणाऱ्याचा मला राग येत नाही. कळून सही करणाऱ्याचा येतो.

चाचणीची वेळ आली. मी सगळ्या कारखान्यांच्या ऑर्डरी नऊ वीस ते साडेनऊच्या दरम्यान एकदम सोडल्या. सिस्टिम गोठली. जागी झाली तेव्हा काही ऑर्डरी दुप्पट झाल्या होत्या, काही गायब. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी टिपणीसांना सांगितलं. त्यांनी मान डावीकडे कलवली. मला वाटलं, आता तो शब्द येणार. पण दुसऱ्यांच्या पोळीभाजीसाठी असलेला शब्द स्वतःच्या कामासाठी नव्हता. म्हणाले, दिवाण साहेबांनी तारीख दिलीय, ऋताची इथल्या भारतीय शाळेतली दहावीची परीक्षा चार महिन्यांवर आलीय, आता इथे काही हललं तर पुण्याला बोलावणं येईल आणि पोरीचं वर्ष जाईल. तेव्हा मॅन्युअलमध्ये एक ओळ टाकू.

ती ओळ मी लिहिली, हेही इथे नोंदवते. "साडेनऊच्या आधीच्या दहा मिनिटांत ऑर्डर नोंदवणे शक्यतो टाळावे, ही नम्र विनंती." जपानीत ती फारच सुबक झाली होती. विनंतीचं क्रियापद इतकं अदबीचं बसलं होतं की माझ्या वॉर्डातल्या शिक्षिकेने पाठ थोपटली असती. चाचणीच्या अहवालावर जपानी रिवाजाप्रमाणे सहीच्या जागी मी माझा शिक्काही मारला. माझी नोकरी मला हवी होती.

नोव्हेंबरात नागोयाला रंगीत तालीम झाली. आठ कारखाने त्या सकाळी खरोखरच्या ऑर्डरी आमच्या सिस्टिमवर देणार होते, जोडीला फॅक्स चालूच. मोरिता-सानांच्या बैठकीच्या खोलीत मोठा पडदा लावलेला. दिवाण साहेब मुद्दाम पुण्याहून आले होते. टेबलावर नंतर चाखायला म्हणून डबे मांडलेले आणि वाट्यांत मिसो सूप. नऊ वीसला आकडे छान सरकत होते. नऊ चोवीसला पडदा थांबला. जपानी माणसं शांत बसली की किती शांत बसतात, ते तिथे काम केल्याशिवाय कळत नाही. नऊ एकोणतीसला पडदा हलला. एक कारखाना दोनदा आला होता, पण बाकी आकडे फॅक्सशी जुळले.

दिवाण साहेब इंग्रजीत म्हणाले, किरकोळ आहे, सोमवारी सुरू करू. मी भाषांतर केलं. मोरिता-सानांच्या पुढे माझं मॅन्युअल होतं, आणि माझ्या त्या सुबक ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली मला उलट्या बाजूनेही दिसत होती. त्यांनी पान फिरवून टिपणीसांकडे केलं आणि हळू आवाजात एवढंच विचारलं, "दाइजोबु देसु का?" ठीक आहे ना हे?

टिपणीसांचे ओठ "हाय" म्हणायला उघडलेले मी पाहिले. जपानीत हो म्हणजे हाय. तो शब्द त्यांच्या तोंडातून निघायला कधी वेळ लागत नसे. ओठ तसेच उघडे राहिले. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. कुशीवर वळणारं जहाज मी त्यांच्या टीव्हीवर पाहिलं होतं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"वहिनी," ते मराठीत म्हणाले, "मी सांगतो ते जसंच्या तसं सांगा. गाळू नका."

मग त्यांनी सूपची वाटी पुढे ओढली आणि तिच्यावर एक डबा ठेवला. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ड्रेडनॉटची गोष्ट सुरू केली. इटली, बारा तोफा, लहान गोदी, हो म्हणणारा अभियंता, चौथं यार्ड. दिवाण साहेबांनी दोनदा त्यांचं नाव घेतलं, त्यांना ऐकू गेलं नाही. मी भाषांतर करत होते. मला घुमटाला जपानी शब्द येत नव्हता, मी डबाच म्हणत होते. कप्तानाच्या कागदापाशी आल्यावर टिपणीसांनी माझ्या ओळीवर टिचकी मारली.

"सुकाणू वळवू नका, असं त्याने लिहिलं. हे वाक्य तेच आहे. हजेरी सव्वानऊला होते. सगळे कारखाने शेवटच्या दहा मिनिटांतच ऑर्डर देणार, दुसरं करणार काय? हे मला सहा आठवडे माहीत आहे."

हेही मी भाषांतर केलं. माझ्याच वाक्याच्या विरोधात, माझ्याच तोंडाने. मग त्यांनी वाटीला बोट लावलं. सूप टेबलावर, वरचा डबा जमिनीवर, भात दिवाण साहेबांच्या बुटावर.

"देकिमासेन," टिपणीस म्हणाले. जमणार नाही. त्यांना क्रियापदाचं ते रूप येत असेल असं मला वाटलं नव्हतं.

मोरिता-सान उठले, खाली वाकले आणि सांडलेला भात हातांनी गोळा करायला लागले. त्यांची दोन माणसं मदतीला धावली, त्यांना त्यांनी थांबवलं. भात रुमालात घेऊन परत खुर्चीवर बसले. आणि एकच प्रश्न विचारला. त्या जहाजावरच्या माणसांचं काय झालं?

टिपणीस म्हणाले, बरीचशी वाचली, सगळी नाही.

मोरिता-सानांनी मान हलवली. "मग सोमवारी नको," असं म्हणून पेन्सिल कानामागे ठेवली.

बाहेरच्या बोळात दिवाण साहेब पेपर नॅपकिनने बूट पुसत होते. म्हणाले, "टिपणीस, हे मला आधी सांगायचं होतंत." दिवाण साहेबांचं त्या दिवसातलं हे एकमेव खरं वाक्य.

सिस्टिम उन्हाळ्यात सुरू झाली. फोटो गेले, भाज्यांचा हिशेब गेला, नाशिकचा भाग पुण्याने नव्याने लिहिला, मोरिता-सानांनी नवं मशिन आणलं. त्यानंतर ती बरीच वर्षं चालली. माझी ती ओळ मॅन्युअलमधून काढायचं काम मीच केलं. माझा शिक्का असलेल्या अहवालाबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. टिपणीसांनी त्या अहवालाला मुकाट एक वाक्य जोडलं होतं, "चाचणीतला दोष मला वेळेवर कळवला गेला होता, निर्णय माझा. टिपणीस." हे मला पुढे फाइल चाळताना दिसलं. त्याबद्दल त्यांचे आभार मानायची वेळ तोवर गेली होती, आणि खरं सांगायचं तर वेळ असती तरी मी मानले असते का, कोण जाणे.

कारण डिसेंबरातच त्यांचं पुण्याला बोलावणं आलं. ऋताची परीक्षा तोंडावर. तिला पुण्यातली कुठली शाळा अधल्यामधल्या वेळी घेणार? शेवटी मायलेकी इथेच एका ओळखीच्यांकडे राहणार आणि हे एकटे जाणार असं ठरलं. ऋताने बापाशी महिनाभर फक्त जपानीत बोलणं ठेवलं, म्हणजे त्यांना अर्धं कळू नये. मीनल माझ्याकडे इस्त्री मागायला आली तेव्हा म्हणाली, "बारा वर्षं सगळ्यांना हो म्हणाले. एकदाच नाही म्हणाले, ते नेमकं पोरीच्या बोर्डाच्या तोंडावर." मी इस्त्री काढून दिली. तिचं बरोबर होतं.

लोक अशा गोष्टी ऐकल्या की टिपणीसांना शूर म्हणायला बघतात. मी म्हणणार नाही. धीट माणूस पहिल्या बैठकीत, कमी भाताच्या वेळीच विचारतो की मशिन केवढं आहे. हे बारा तोफा चढवून झाल्यावर, समुद्रात नेल्यावर, बंदरात परत चला म्हणाले. त्यात एक म्हातारा माणूस जमिनीवरून भात वेचत होता आणि एक मुलगी बापाशी मराठीत बोलेनाशी झाली. फक्त एवढं खरं की त्या खोलीत आम्ही सहा जण होतो आणि पडदा थांबल्यावर सहाही जणांना ठाऊक होतं, की हे चालणार नाही. बाकी पाच जणांतल्या कुणी ते म्हटलं नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते कचऱ्याच्या जागी. आमच्या वॉर्डात मोठी वस्तू टाकायची तर फोन करून दिवस ठरवावा लागतो आणि कोंबिनीतून पैसे भरल्याची चिकटपट्टी आणून वस्तूवर लावावी लागते. तीस सेंटिमीटरपेक्षा लांब असेल ती मोठी वस्तू. त्या सकाळी मी ऑफिसला निघाले होते, तर खाली कुंपणापाशी टिपणीसांचं जेवणाचं टेबल, एक कपाट आणि टेबलावर विरिबुस उनिटिस. बाराच्या बारा तोफा लागलेल्या, रंग फक्त अर्ध्या अंगाला. शेजारी टिपणीस, हातात मोजपट्टी. म्हणाले, मोजलं, तीसच्या वर भरतं, त्यामुळे मोठ्यात धरावं लागलं. चिकटपट्टी त्यांनी जहाजाच्या बुडाला, अगदी खाली लावली होती.

"कुणाला देऊन टाकायचं," मी म्हणाले.

"कुणाला देणार? वाईट जहाज आहे."

तेवढ्यात कचऱ्याची गाडी आली. टेबल गेलं, कपाट गेलं. कपाटाच्या तळाशी एक तांदळाची पिशवी तशीच राहिली होती, ती कामगाराने अदबीने काढून टिपणीसांच्या हातात दिली. मग त्याने जहाज उचलायला हात घातला आणि थबकला. तरुण पोरगा होता. हातमोजे काढून खिशात टाकले, जहाज दोन्ही तळव्यांवर घेतलं, तोफा जवळून पाहिल्या. मग टिपणीसांकडे बघून विचारलं, हे खरंच टाकायचंय का? चालेल ना?

टिपणीस तांदळाची पिशवी छातीशी धरून उभे होते. मान जराशी डावीकडे.

"हाय," ते म्हणाले.

इतक्या पटकन, की पोराचा प्रश्नही पुरा झाला नव्हता. मी सायकलचं कुलूप काढलं. मला ट्रेन गाठायची होती.